खलनायकाने सांगितलेली विज्ञानकथा

नॉर्मन स्पिनराड या अमेरिकन लेखकाचे ‘द आयर्न ड्रीम’ हे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ ‘पोलादी स्वप्न’ असा घेता येईल. पुस्तक उघडले, की आत दुसऱ्याच एका पुस्तकाचे शीर्षकपान लागते. त्यावर कादंबरीचे नाव ‘लॉर्ड ऑफ द स्वस्तिक’ असे छापलेले असते आणि लेखकाचे नाव असते अ‍ॅडॉल्फ हिटलर. मग लेखकाचा परिचय येतो. ऑस्ट्रियात १८८९ साली जन्म, पहिल्या महायुद्धानंतर म्यूनिकमध्ये थोडेफार राजकारण, आणि १९१९ साली देश सोडून न्यूयॉर्कला प्रयाण. तेथे पदपथावर चित्रे काढून आणि किरकोळ भाषांतरे करून हे गृहस्थ पोट भरतात, हळूहळू विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांसाठी चित्रे काढू लागतात, पुढे स्वतःच कथा-कादंबऱ्या लिहितात, आणि १९५३ साली शेवटची कादंबरी हातावेगळी करून मरण पावतात. विज्ञानकथांच्या चाहत्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते!

म्हणजे हा इतिहासाचा एक वेगळा फाटा आहे. आपल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती निसटून जाते, आणि तेथून मराठ्यांचा व हिंदुस्थानचा इतिहास निराळ्या रुळावरून धावू लागतो. स्पिनराड यांनीही तेच केले आहे. मात्र त्यांनी रूळ बदलला तो एका माणसाच्या जहाजाच्या तिकिटापाशी. हिटलर जर्मनीत राहिला नाही, म्हणून नाझी राजवट आली नाही. पण त्याच्या डोक्यात जे होते ते कोठे जाणार? ते कादंबरीत उतरले. आपल्या हाती येते ती ही कादंबरी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खलनायकाच्या बाजूने सांगितलेली आणि तो खलनायक आहे याची सांगणाऱ्याला गंधवार्ताही नसलेली.

विज्ञानाच्या मासिकात या पुस्तकाची दखल घेण्याचे कारण साहित्यिक नाही. खरे सांगायचे तर कादंबरी म्हणून ती वाचणे कंटाळवाणे आहे; एकामागून एक लढाया, तेच तेच रक्त आणि तीच तीच विशेषणे. स्पिनराड यांनी ती मुद्दामच तशी लिहिली आहे. आम्हांला तिच्यात रस आहे तो तिच्यातील विज्ञानामुळे, किंवा विज्ञानाच्या नावाखाली तिच्यात जे चालते त्यामुळे.

कथानक असे. फार पूर्वी अणुयुद्ध होऊन पृथ्वीचा बराचसा भाग किरणोत्साराने दूषित झालेला आहे. त्यामुळे माणसांच्या जनुकांत बिघाड झाले आणि नाना विकृत जमाती निर्माण झाल्या. कोणाची कातडी निळी, कोणाचे तोंड पोपटासारखे, कोणी सरड्यासारखे, तर कोणी बेडकासारखे. या सगळ्या गर्दीत हेल्डन नावाचा एकच देश असा, की ज्याने मूळची ‘शुद्ध’ मानवी जनुके जपून ठेवली आहेत. तेथे प्रवेश करणाऱ्याची सीमेवर जनुकीय तपासणी होते आणि उत्तीर्ण झालेल्यास खऱ्या माणसाचा दाखला मिळतो. फेरिक जॅगर हा उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा तरुण या सीमेवर येतो तेथे कादंबरी सुरू होते.

जॅगरच्या लक्षात येते, की सीमेवरचे अधिकारी गुंगीत असल्यासारखे काम करीत आहेत. कारण त्यांच्यामध्ये एक ‘डॉमिनेटर’ साध्या कारकुनाच्या वेषात बसला आहे. डॉमिनेटर ही पूर्वेकडील झिंड साम्राज्याची सत्ताधारी जमात. दुसऱ्याचे मन ताब्यात घेण्याची शक्ती तिच्यापाशी असते. दिसायला ते चारचौघांसारखेच, त्यामुळे ते कोठेही दडलेले असू शकतात. पुढे जॅगर एका मोटारसायकलस्वारांच्या टोळीला जिंकून घेतो. हेल्डनच्या जुन्या राजाचा एक प्रचंड दंड असतो. तो राजवंशाच्या खऱ्या वारसालाच उचलता येतो, इतरांना तो जागचा हलवताही येत नाही. जॅगर तो लीलया उचलतो. शिवधनुष्याची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या आपल्या वाचकाच्या अंगावर या प्रसंगी नकळत रोमांच उभे राहतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मग पक्ष, मिरवणुका, गणवेश, सत्ता, जुन्या सोबत्यांचाच काटा काढणे, शेजारी देश पादाक्रांत करणे आणि अखेर झिंडविरुद्ध महायुद्ध. इतिहास जाणणाऱ्याला यातले प्रत्येक पाऊल ओळखू येते.

झिंडचा शेवटचा डॉमिनेटर मरता मरता जुन्या काळातील अणुशस्त्रे उडवून देतो आणि हेल्डनच्या लोकांचीही जनुके दूषित होतात. शुद्धतेसाठी लढलेल्या युद्धाच्या शेवटी शुद्ध असे कोणी उरतच नाही. पण जॅगर हार मानत नाही. निवडक सैनिकांच्या पेशींपासून एकसारख्या एक अशा माणसांच्या प्रतिकृती तयार केल्या जातात आणि त्या अवकाशयानांत भरून ताऱ्यांकडे रवाना होतात. लेखकाच्या दृष्टीने हा आनंदी शेवट आहे. जाता जाता सांगायला हवे, की या संपूर्ण कादंबरीत एकही स्त्री पात्र नाही.

एक खुलासा येथेच करून टाकू. आपल्याकडे स्वस्तिक हे दारावर, वहीवर, दिवाळीच्या रांगोळीत काढायचे शुभचिन्ह. जर्मनीतील चिन्हाला जर्मन लोक ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणत. कादंबरीच्या शीर्षकात ‘स्वस्तिक’ आहे ते या दुसऱ्या अर्थाने.

गृहीताची जादू

आता प्रश्न असा, की वाचणारा माणूस काही नाझी नसतो. तरीही पन्नासेक पाने उलटेपर्यंत तो जॅगरच्या बाजूने होऊ लागतो. हे कसे घडते?

याचे उत्तर लेखकाच्या शब्दसामर्थ्यात शोधू नये, कारण ते सामर्थ्य येथे नाहीच. उत्तर कथेच्या मांडणीत आहे. कथेच्या जगात काय खरे आणि काय खोटे हे लेखक ठरवतो. जनुके दूषित होतात आणि ती दूषितता चेहऱ्यावर दिसते, असे लेखक सांगतो. तेथे ते खरे असते. शत्रू आपल्यातच वेष पालटून बसला आहे आणि आपल्या मनावर ताबा मिळवतो आहे. तेथे तेही खरे असते. शुद्ध आणि अशुद्ध यांचा निवाडा करणारी चाचणी आहे आणि ती चुकत नाही, खरे. एवढी तीन गृहीते मान्य केली, की पुढे जॅगर जे जे करतो ते तर्काला धरूनच होते. रोगाची साथ आल्यावर रोग्याला वेगळे ठेवावे इतके ते सरळ वाटू लागते. वाचक तर्काची एकेक पायरी तपासत जातो आणि त्याला चूक सापडत नाही, कारण पायऱ्यांत चूक नाहीच. ती पायऱ्यांच्या खालच्या जमिनीत आहे.

भूमितीचा शिक्षक हे चटकन ओळखील. पक्ष चुकीचा असेल, तर सिद्धतेची प्रत्येक ओळ बरोबर असूनही साध्य खोटे निघू शकते. आपण मुलांना सिद्धतेच्या ओळी तपासायला शिकवतो. पक्ष तपासायला फारसे शिकवत नाही, कारण पाठ्यपुस्तकात तो ‘दिलेला’ असतो.

तेव्हा हिटलर या कादंबरीकाराची गृहीते एकेक करून प्रत्यक्ष विज्ञानापुढे ठेवून पाहू.

किरणोत्साराने जनुकांत बदल होतात, ही गोष्ट खरी आहे. हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून हे दाखवून दिले. उत्परिवर्तनांचे प्रमाण नेहमीच्या सुमारे दीडशे पटीपर्यंत वाढलेले त्यांना आढळले. या शोधासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या माश्यांतून काही नव्या राक्षसी जमाती जन्मल्या नाहीत. बहुतेक उत्परिवर्तने घातक होती, त्यामुळे संतती जन्मण्याआधीच नष्ट होत असे. उरलेल्यांपैकी पुष्कळशी डोळ्यांना दिसतही नसत. माणसांच्या बाबतीत पाहायचे, तर हिरोशिमा आणि नागासाकी येथे १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७,००० नवजात बालकांची तपासणी झाली. बाँबच्या किरणोत्साराला सामोरे गेलेल्या आईबापांच्या मुलांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त असल्याचे त्या पाहणीत आढळले नाही. याचा अर्थ किरणोत्सार निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. जे प्रत्यक्ष त्याखाली सापडले त्यांच्यात रक्ताचे व इतर कर्करोग वाढले, आणि त्या वेळी गर्भात असलेल्या काही मुलांच्या मेंदूची वाढ खुंटली. पण पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या पोपटतोंड्या जमाती हा शुद्ध कल्पनेचा खेळ आहे.

मूळच्या ‘शुद्ध’ मानवी जनुकांची गोष्ट तर याहून पोकळ. योगायोग असा, की स्पिनराड यांची कादंबरी निघाली त्याच १९७२ साली रिचर्ड लेवंटिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या खंडांतील लोकांचे रक्तगट आणि रक्तातील प्रथिने यांची उपलब्ध माहिती घेऊन त्यांनी हिशेब मांडला, की माणसामाणसांत जी जनुकीय विविधता आहे ती नेमकी कोठे साठलेली आहे? उत्तर असे आले, की जवळजवळ ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच असते. ज्यांना आपण ढोबळपणे ‘वंश’ म्हणतो त्यांच्या-त्यांच्यातील फरकाच्या वाट्याला सहा टक्क्यांच्या आसपास विविधता येते. उरलेली एकाच वंशात गणल्या जाणाऱ्या निरनिराळ्या समूहांमधली. समूहांची सरासरी वैशिष्ट्ये वेगळी असू शकतात आणि अनेक जनुके एकत्र पाहून माणसाचे पूर्वज कोणत्या प्रदेशातले हे आज बऱ्यापैकी सांगताही येते. पण एखाद्या समूहाभोवती रेषा ओढून ‘आत शुद्ध, बाहेर अशुद्ध’ असे म्हणता यावे, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

मग ती सीमेवरची अचूक चाचणी? कादंबरीत ती यंत्राने होते. प्रत्यक्षातील नाझी राज्याने १९३५ साली न्यूरेंबर्ग कायदे केले तेव्हा ज्यू कोणाला म्हणावे हे ठरवायची पाळी आली. रक्ताच्या भेदावर एवढी व्याख्याने झोडलेली असताना रक्ताची एकही चाचणी त्यांना सापडली नाही, कारण ती नव्हतीच. शेवटी काय ठरले? ज्याचे तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू धर्मसमुदायाचे असतील तो ज्यू! म्हणजे ‘रक्त’ ठरवायचे ते चर्चच्या आणि सिनेगॉगच्या नोंदवह्यांवरून. शिक्षकांना तर याआधीच, १९३३ च्या सरकारी नोकरांच्या कायद्यामुळे, आपल्या आजी-आजोबांचे दाखले गोळा करीत फिरावे लागले होते. एकच आजी वा आजोबा ‘परका’ निघाला, तरी नोकरी जाऊ शकत होती.

शुद्धीचा हिशेब

समजा, वंशाचा विषय बाजूला ठेवला आणि ‘सदोष जनुके तरी समाजातून काढून टाकावीत’ एवढेच म्हटले, तर? ही कल्पना वरवर शहाणपणाची वाटते, म्हणून तिचे गणित करून पाहू. अकरावी-बारावीच्या वर्गात ते सहज करता येते.

एखादा दोष अप्रभावी जनुकामुळे होतो असे धरू. म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्ही सदोष जनुके आली तरच तो प्रकट होईल. एकच आले, तर माणूस निरोगी पण वाहक असेल. दर १०,००० जन्मांत एक मूल दोषी असते असे माना. हार्डी यांनी १९०८ साली दाखवलेल्या नियमाप्रमाणे सदोष जनुकाचे प्रमाण या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे १०० त १ इतके येते. वाहकांचे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०,००० त १९८. आता एक दोषी व्यक्ती आणि १९८ निरोगी वाहक असे चित्र झाले. दोष असलेल्या प्रत्येक व्यक्तीला संतती होऊ दिली नाही, तरी बहुतेक सगळी सदोष जनुके वाहकांच्या अंगी सुरक्षित राहतात.

किती पिढ्या लागतील? या प्रकारच्या निवडीत जनुकाच्या प्रमाणाचा व्यस्त अंक दर पिढीला फक्त एकाने वाढतो. आज १०० त १, पुढच्या पिढीत १०१ त १, त्यापुढे १०२ त १. ते निम्मे, म्हणजे २०० त १ व्हायला शंभर पिढ्या हव्यात. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर अडीच हजार वर्षे! इंग्लंडमधील पनेट यांनी अशा प्रकारचा हिशेब १९१७ सालीच मांडला होता. कायदे करणाऱ्यांना तो उपलब्ध नव्हता असे म्हणता येत नाही.

मात्र मुलांसमोर हे गणित मांडताना एक काळजी घ्यावी. ‘शुद्धीची मोहीम चुकीची, कारण ती हळू चालते’ असा समज व्हायला नको. एखादी मोहीम वेगाने चालली असती तरी ती माणसांना जबरदस्तीने निर्बीज करण्याचीच होती. गणिताने एवढेच सिद्ध होते, की विज्ञानाचे नाव घेणाऱ्यांनी विज्ञान वाचलेले नव्हते, किंवा वाचून बाजूला ठेवले होते.

आणि तो आनंदी शेवट? एकसारख्या एक सैनिकांनी भरलेली याने? कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातला धोका सांगता येईल. कादंबरी निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १९७० साली, अमेरिकेत मक्याच्या पिकावर करपा पडला. संकरित बियाणे तयार करताना तुरे खुडण्याची मजुरी वाचावी म्हणून बहुतेक बियाणे-कंपन्यांनी एकाच प्रकारचा नर-वंध्य मका वापरला होता. बुरशीच्या एका नव्या जातीला नेमका तो प्रकार मानवला आणि देशाच्या मका-उत्पादनाच्या सुमारे पंधरा टक्के पीक हातचे गेले. सगळे एकसारखे असले, की एकाच किल्लीने सगळी कुलपे उघडतात. जॅगरचे ताऱ्यांकडे निघालेले सैन्य पहिल्याच अनोळखी रोगजंतूपुढे टिकले असते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

कादंबरीतले आणि प्रयोगशाळेतले

ही गृहीते काही एका माथेफिरूच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हे सांगितले नाही तर लेख अर्धवट राहील. सुप्रजननशास्त्र हा शब्द ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण वापरतो तो फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली बनवला. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा जर्मनीत नव्हे, तर अमेरिकेच्या इंडियाना राज्यात १९०७ साली झाला. पुढे तीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले आणि सुमारे ६०,००० माणसे निर्बीज केली गेली. या कायद्यांचा नमुना-मसुदा तयार करणारे हॅरी लाफलिन यांना १९३६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. जर्मनीने आपला कायदा जुलै १९३३ मध्ये केला, आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९३९ पासून तर अपंग व मनोरुग्ण यांना ठार मारण्यास सुरुवात झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत अशा खास केंद्रांत विषारी वायूने मारलेल्यांची संख्या ७०,००० वर गेली होती.

या सगळ्याच्या मागे विद्यापीठे होती, प्राध्यापक होते, प्रयोगशाळा होत्या. बर्लिनमध्ये १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची एक मोठी संस्था उभी राहिली. तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. आणि येथे आपल्याला जवळचे एक नाव भेटते. पुढे ‘युगान्त’ लिहिणाऱ्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे त्या वेळी याच संस्थेत फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या.

फिशर यांनी त्यांना विषय दिला तो कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. ही असमानता गोऱ्या युरोपीय लोकांत अधिक असावी आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी असावा, अशी अपेक्षा त्या विषयामागे होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या म्हणून ठेवलेल्या १४९ कवट्या मोजल्या. त्यांना असमानता सापडली, पण तिचा वंशाशी संबंध सापडला नाही. आणि त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. वय पंचविशीच्या आतबाहेर, देश परका, भाषा परकी, आणि पदवी ज्यांच्या हातून मिळायची त्यांच्याच मताविरुद्ध आकडे. फिशर पुढे १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अर्थात इरावतीबाईंनीही पुढे महाराष्ट्रात अनेक वर्षे माणसांच्या डोक्यांची व नाकांची मापे घेतली. ते साधन त्या काळच्या मानववंशशास्त्रात सर्वत्र वापरात होते. पण कवट्यांनी जे सांगितले नाही ते त्यांच्या तोंडी घालायला त्यांनी नकार दिला.

कादंबरीत असा प्रसंग येऊ शकत नाही. तेथे कवट्याही लेखकाच्याच असतात.

याच काळात जर्मनीच्या शाळांत काय चालले होते, हे शिक्षक म्हणून आपण पाहायलाच हवे. १९३५ च्या सुमारास तेथील गणिताच्या पुस्तकांत एका वेगळ्या प्रकारची उदाहरणे आली. वेड्यांचे इस्पितळ बांधायला अमुक लाख मार्क खर्च येतो. साध्या कुटुंबासाठी घर बांधायला अमुक हजार. तर इस्पितळाच्या खर्चात किती घरे झाली असती? एका अपंगाला रोज पोसण्याचा खर्च इतका, तर वर्षाला किती? मुलांनी भागाकार केला, गुणाकार केला, उत्तरे पडताळून पाहिली. ती बरोबर होती. अपंग माणूस हा केवळ खर्च आहे, हे मात्र कोणी शिकवलेच नाही. ते उदाहरणात दिलेले होते. काही वर्षांनी त्यांतली काही मुले मोठी झाली, परिचारक झाली, कारकून झाली. गणिताच्या शिक्षकांनी त्यांना कोणतीही खोटी गोष्ट सांगितली नव्हती, आणि पुष्कळ शिक्षकांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटलेही नसेल.

पुस्तकाचे पुढे काय झाले

‘द आयर्न ड्रीम’च्या शेवटी एक उपसंहार आहे. तोही काल्पनिकच. होमर व्हिपल नावाचे एक विद्वान त्या दुसऱ्या जगात बसून हिटलरच्या कादंबरीचे परीक्षण करतात. लेखकाचे मन कसे रोगट आहे, लाठ्या, बूट आणि चकचकीत कातड्याचे गणवेश यांचे त्याला केवढे वेड आहे, हे ते मार्मिकपणे दाखवतात. पण त्यांचे म्हणणे असे, की हे सारे कागदावर ठीक. एखादा माणूस गणवेश, मिरवणुका आणि घोषणा यांच्या जोरावर अख्खे राष्ट्र भारून टाकील, असे प्रत्यक्षात घडणे अशक्य आहे. व्हिपल यांच्या जगात ते घडलेले नाही, त्यामुळे त्यांना ते अशक्यच दिसणार.

आपल्या जगातील वाचकांनी या पुस्तकाचे जे केले तेही पाहण्यासारखे आहे. नेब्युला पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. फ्रान्समध्ये १९७४ साली त्याला अपोलो पुरस्कार मिळाला. पश्चिम जर्मनीत मात्र तरुणांना घातक साहित्याच्या सरकारी यादीत ते १९८२ साली घातले गेले. विकायला हरकत नव्हती, पण जाहिरात करणे वा दुकानात मांडून ठेवणे यांस बंदी होती. प्रकाशक न्यायालयात गेले आणि १९८७ साली ही बंधने उठली. स्पिनराड यांनी आणखी एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे. अमेरिकेतील नाझी पक्षाने आपल्या सभासदांसाठी केलेल्या वाचनीय पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक होते. त्यांना शेवट आवडला होता.

असाच अनुभव पुढे चित्रपटालाही आला. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या युद्ध-विज्ञानकादंबरीवर पॉल व्हरहूवेन यांनी १९९७ साली चित्रपट काढला. व्हरहूवेन यांचे बालपण नाझींनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेलेले. त्यांनी तो मुद्दाम प्रचारपटाच्या ढंगात बनवला. देखणे तरुण सैनिक आणि किड्यांच्या रूपातला शत्रू. उपहास म्हणून केलेला हा चित्रपट अनेक प्रेक्षकांनी आणि काही समीक्षकांनी सरळ अर्थानेच घेतला.

तेव्हा वर्गात यातले काय न्यावे? ‘द आयर्न ड्रीम’ शाळेत वाचून दाखवावे असे आम्हांला वाटत नाही. त्यातील हिंसा किळसवाणी आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला उपसंहारापर्यंत धीर धरवेल याची खात्री नाही. त्याऐवजी मुलांना आवडणारी कोणतीही परग्रहवासीयांच्या स्वारीची गोष्ट घ्यावी, चित्रकथा किंवा चित्रपटही चालेल. फळ्यावर दोन रकाने करावेत. पहिल्यात गोष्टीतील पात्रांनी शोधून काढलेल्या किंवा तपासलेल्या बाबी, दुसऱ्यात लेखकाने नुसत्या सांगितलेल्या. ‘परग्रहवासी क्रूर आहेत’ हे कोणत्या रकान्यात जाते, यावर तास रंगतो. नंतर तीच गोष्ट परग्रहावरच्या शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात कशी छापली असेल, ते दहा ओळींत लिहायला सांगावे. आठवी-नववीची मुले हे फार खुबीने करतात. त्यानंतरच्या तासाला, गणिताच्या शिक्षकांशी बोलून, चालू पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरणांची दोन-तीन पाने घ्यावीत आणि तेच दोन रकाने पुन्हा आखावेत.